कुणीच न मागितलेली खोली

मी बागा आखते. म्हणजे सार्वजनिक बागा, मैदानं, मुलांच्या खेळायच्या जागा. ठाण्याहून मास्टर्स करायला सिडनीला आले, शिकता शिकता कॅफेत कप विसळले, पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळाली आणि एका छोट्या डिझाईन फर्ममध्ये चिकटले, ती अजून तिथेच आहे. घर स्कोफिल्ड्सला. ऑफिसात मी एकटीच भारतीय, त्यामुळे 'इंडियन फॅमिलीजना पार्कात काय लागतं' असा प्रश्न आला की सगळ्या माना माझ्याकडे वळतात. मी दर वेळी एकच उत्तर देते. सावली, मोठी टेबलं आणि भरपूर बार्बेक्यू.

घरापासून गाडीने वीस मिनिटांवरच्या एका जुन्या पार्कचं काम कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, आमच्याकडे आलं, तेव्हा तिथे दोन गंजके झोपाळे होते, एक घसरगुंडी, एक टॉयलेट ब्लॉक आणि त्याला जवळजवळ खेटून उभं एक प्रचंड गमचं, म्हणजे निलगिरीच्या जातीचं, झाड. तिथे सगळ्या मुलांना खेळता येईल अशी जागा करायची होती. 'इन्क्लुझिव्ह प्लेग्राउंड' हे शब्द कामाच्या कागदावर पहिल्याच ओळीत होते. मी त्यावर आठ महिने राबले. व्हीलचेअर थेट आत जाईल अशी जमिनीला सपाट फिरकी, म्हणजे मेरी-गो-राउंड, काढली. उभ्याने, बसून, कसंही खेळता येईल असं वाळूचं टेबल काढलं. गोंगाट सोसत नाही अशा मुलांसाठी झुडपांआड एक शांत कोपरा काढला. वाटा रुंद ठेवल्या, चढ इतके सौम्य की ढकलणाऱ्याला दम लागू नये. खोटं कशाला बोलू, मला त्या आराखड्याचा भयंकर अभिमान होता.

एका शनिवारी सकाळी त्याच पार्कात आम्ही तंबू ठोकून आराखड्याचे मोठे रंगीत बोर्ड मांडले. लोकांनी यावं, बघावं, मत द्यावं. एकीकडे सॉसेज भाजत होते, एकीकडे मुलांचे चेहरे रंगवत होते. आदल्या दिवशी मी आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'या गं सगळ्या, माझं डिझाईन बघायला.' अंगठे भरपूर आले. माणसं येतील असं वाटलं नव्हतं.

एक आली. नाशिकची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारी माझी मैत्रीण. आमची ओळख चार वर्षांची, गणपतीची आरास करताना झालेली. बोलायला मोकळी, हाताला चव, कुणाचंही काम अंगावर घेणारी. तिचं एकच होतं, कुठेही आली तरी एकटी यायची आणि दीड तासात उठायची. "पार्किंगचं मीटर चालू आहे का गं तुझं?" असं आम्ही तिला चिडवायचो. तीही हसायची आणि चपला घालायची. तिला मुलगी आहे हे मला माहीत होतं. 'तिला जरा बरं नसतं', 'आज थेरपी आहे', 'नवरा थांबलाय तिच्यापाशी', असं तिच्या बोलण्यात यायचं. मी त्यापुढे कधी विचारलं नाही. एकदा लाडवांचा डबा द्यायला तिच्या घरी गेले होते, तर तिने तो दारातच घेतला. घरात पसारा असेल, असं मला वाटलं.

त्या शनिवारी ती गवतावरून व्हीलचेअर ढकलत आली. खुर्चीत बारा वर्षांची मुलगी. उंच, आईसारखेच दाट केस, मानेला आधार, हात मांडीवर किंचित वळलेले. मी दोघींकडे बघत राहिले. चार वर्षांत हा चेहरा मी फोटोतही पाहिला नव्हता.

"ही माझी लेक," मैत्रीण म्हणाली. "तू बागा काढतेस म्हटल्यावर तिला तुला भेटायचंच होतं."

"यू आर द पार्क लेडी," मुलगी म्हणाली. तिचा एकेक शब्द सावकाश, जोर लावून येत होता, पण स्पष्ट होता.

मी तिला बोर्डापाशी नेलं. उकिडवी बसून फिरकी दाखवली, वाळूचं टेबल दाखवलं, जमिनीत बसवायच्या घंटा दाखवल्या. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "व्हेअर डू आय गो?"

"इथे!" मी पुन्हा फिरकीवर बोट ठेवलं. "खुर्चीतून उतरावंच लागणार नाही तुला."

"नो." ती थांबली, श्वास घेतला. "टॉयलेट."

मी हसून निळ्या खुणेवर बोट ठेवलं. दार रुंद आहे, आत दोन्हीकडे धरायला बार आहेत, व्हीलचेअर पूर्ण वळते, असं क्लाएंटला सांगावं तसं सांगितलं. मुलीने आईकडे पाहिलं. आई विचित्रसं हसली.

"आम्हाला आता जायचंच आहे. पाच मिनिटं आहेत तुला? चल, दाखवते."

मला खरंच वाटलं, एखादा मोडका नळ दाखवायचा असेल.

पार्कातल्या जुन्या ब्लॉकमध्येही अपंगांसाठी एक टॉयलेट होतं. नियमात बसणारं. आत गेल्यावर मैत्रिणीने खुर्चीमागची मोठी पिशवी उतरवली आणि तिच्यातून पिकनिकची चटई काढली. त्यावर टाकायला प्लास्टिकचा शॉवर कर्टन काढला. मग दोन टॉवेल. आधी एका जुन्या टॉवेलने फरशी पुसली. फरशी ओली होती, कशाने ते तिला बघायचं नव्हतं आणि मला विचारायचं नव्हतं.

"काय करतेस?" मी विचारलं.

"पॅड बदलायचंय. टॉयलेटवर तिला बसता येत नाही, तोल राहत नाही. बाळांच्या टेबलाला तिचं वजन पेलणार नाही. मग कुठे झोपवू?" ती चटई सारखी करत म्हणाली. "खाली धर जरा. गुडघ्यांखाली. नाही, असं नाही, हात आत घाल."

मुलीचं वजन जवळपास माझ्याएवढं होतं. मी चुकीचं उचललं, तिचं डोकं भिंतीला लागता लागता राहिलं. "माइंड माय हेड," ती शांतपणे म्हणाली. हे तिने किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे. आम्ही तिला सार्वजनिक संडासाच्या फरशीवर झोपवलं. कमोडचं बूड तिच्या कानापासून वीतभर. मी एवढी हादरले की तशीच उभी राहिले. मैत्रीण म्हणाली, "दार धर गं, कडी नीट लागत नाही इथली."

मी पाठ करून दार धरून उभी राहिले. मागे कागदाची चुरचूर, मैत्रिणीचा धापता श्वास. बाहेरून कुणीतरी ठोठावलं, "यू राइट इन देअर?" मैत्रिणीनेच ओरडून सांगितलं, "ऑल गुड, मेट!" त्या सरावाच्या आवाजाने मी अजूनच चरकले.

"यू कॅन टॉक, यू नो," खालून मुलगी म्हणाली.

मी डोळ्यांसमोरचं दार बघत होते.

"देअर्ज अ स्पायडर ऑन द सीलिंग," ती मग म्हणाली. "बिग वन."

परत खुर्चीत बसवल्यावर मैत्रिणीने कोपरापर्यंत हात धुतले. मी तिला टॉवेल दिला. "घरातून निघून दीड तासाच्या आत परतलं तर हे करावं लागत नाही," ती म्हणाली. "तिला बाहेर न्यायचं तर तेवढाच वेळ. आणि शाळा नसताना तिला घरी ठेवून मी एकटी निघाले तरी तेवढाच, कारण नवऱ्याला दोन वेळा पाठीचं झालंय. त्याला एकट्याला तिला वळवून पॅड बदलता येत नाही."

पार्किंगचं मीटर. आमचा चार वर्षांचा विनोद.

"अशी खोली असते गं," ती हात पुसत सांगत होती. "वर-खाली होणारं मोठं टेबल, मोठं माणूस झोपेल असं. छताला होइस्ट, उचलायचं यंत्र, म्हणजे आपण उचलायलाच नको. काही मोठ्या शॉपिंग सेंटरमध्ये झालीय. तुझ्या बोर्डावर मी मघापासून तीच शोधत होते."

त्या क्षणी मला आठवलं. ती खोली होती. माझ्या पहिल्या आराखड्यात होती.

मी काही बोलले नाही. त्यांना गाडीपर्यंत सोडलं, हात केला, तंबूत परतले आणि उरलेले दोन तास लोकांना फिरकी दाखवत राहिले.

सोमवारी ऑफिसात मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि जुन्या फाइल्स उघडल्या. मनात कुठेतरी आशा होती की दुसऱ्या कुणी काढलं असेल. आमच्याकडे आराखड्यात काही बदललं की शेजारी तारीख, कारण आणि आद्याक्षरं टाकतात. तिथे लिहिलं होतं, 'मोठ्यांसाठी चेंज रूम रद्द. लोकांकडून मागणी नाही.' खाली आद्याक्षरं माझी.

मग सगळं आठवत गेलं. गमच्या झाडाची मुळं जपायची म्हणून टॉयलेट ब्लॉक त्या बाजूला वाढवता येत नव्हता आणि दुसरीकडून बार्बेक्यूची शेड त्याला चिकटत होती. काम सुरू करताना घेतलेल्या सर्वेत लोकांनी मोठी शेड मागितली होती. जागा एकीलाच होती. मला वाटतं, मी त्यावर दुपारच्या कॉफीएवढा वेळही विचार केला नव्हता. चौकोन निवडला, डिलीट दाबलं आणि शेड लांब केली.

आमची डायरेक्टर साठीची ऑस्ट्रेलियन बाई आहे, कमी बोलते. ती आल्याबरोबर मी तिला सगळं सांगितलं. तिने ती नोंद वाचली. मग विचारलं, "सर्वेचं पोस्टर आपण कुठे लावलं होतं?"

"पार्कात," मी म्हणाले. "फाटकावर."

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. ज्यांना पार्कात पाऊल टाकता येत नाही त्यांचं मत आम्ही पार्काच्या फाटकावर विचारलं होतं, आणि मग मागणी नाही असं लिहिलं होतं. एवढी साधी गोष्ट आठ महिन्यांत आमच्या कुणाच्याही डोक्यात आली नव्हती.

"मत द्यायला अजून तीन आठवडे आहेत," ती शेवटी म्हणाली. "नवा आराखडा काढ. पण कौन्सिल विचारेल, कुणाला हवंय? मला लोकांचं म्हणणं कागदावर लागेल."

त्याच संध्याकाळी मी मैत्रिणीकडे गेले. पहिल्यांदाच आत गेले. पसारा नव्हता. हॉलच्या छताला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लोखंडी रूळ होता आणि त्याला लटकलेली कापडी झोळी. सोफ्याच्या जागी हॉस्पिटलचा पलंग. तिच्या नवऱ्याने मला चहा आणून दिला. मी तो हातात धरून सांगून टाकलं.

"होती?" मैत्रीण म्हणाली. "म्हणजे काढलेली होती, आणि मग तू खोडलीस?"

"हो."

"तू?"

"हो. कुणी मागितली नाही म्हणून."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे नुसतं बघत होती, अनोळखी बाईकडे बघावं तसं. "शनिवारी तू माझ्या लेकीच्या पायांना हात लावलास," ती म्हणाली. "तेव्हा तुला माहीत होतं?"

"तिथेच आठवलं."

"आणि बोलली नाहीस."

मी मान हलवली. "आपण लिहून द्यायला हवं गं," असं काहीतरी मी पुटपुटले. ते मी त्या वेळी म्हणायला नको होतं.

"काय लिहू? माझी मुलगी कुठे आणि कशी लोळते ते सगळ्यांना सांगू? तुमची चूक निस्तरायला?" ती उठली. "तू जा आता."

नवरा मला दारापर्यंत सोडायला आला. त्याने बाहेरचा दिवा लावला.

मी नवा आराखडा काढला. बार्बेक्यूची शेड निम्मी केली, खोली परत आणली, विजेच्या लाइनी फिरवल्या. ग्रुपवर लिहिलं की शेड लहान होतेय, त्या जागी मोठ्या अपंग माणसांसाठी चेंज रूम यायला हवी, सगळ्यांनी पाठिंबा द्या. अर्ध्या तासात पहिलं उत्तर आलं. ज्यांच्या घरी आम्ही सगळ्या दर दिवाळीला फराळाला जमतो, त्या ताईंचं. 'कल्पना छान आहे पण वापरणार किती जण? एखाद-दोन. आपण तर तीस-चाळीस असतो. शेड मोठीच हवी.' त्याखाली अंगठे पडू लागले. एक, चार, नऊ. मी ते मोजत होते, पण तिसरा अंगठा पडायच्या आधी मैत्रिणीने मेसेज वाचल्याची खूण दिसली होती. या वाईट बायका नव्हेत. मी आजारी होते तेव्हा याच बायकांनी आठवडाभर डबे पोचवले होते. आणि चार महिन्यांपूर्वी डिलीट दाबताना माझ्या मनातही नेमकं हेच वाक्य असणार.

दोन तासांनी मैत्रिणीने एक फोटो टाकला. तिची लेक, घरच्या अंगणात, डोळे बारीक करून हसणारी. खाली एवढंच, 'त्या एखाद-दोनमधली ही एक. माझी मुलगी. आम्ही तुमच्यासोबत कधी पिकनिकला आलो नाही, ते यामुळे.'

अंगठे पडायचे थांबले. संध्याकाळी ताईंनी मला फोन केला आणि रडल्या. "अगं, इतकी वर्षं आपण तिच्यासोबत जेवतोय," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मीही त्याच पंगतीत होते.

मुदत संपायच्या दोन दिवस आधी डायरेक्टरने मला बोलावलं आणि तिच्या स्क्रीनवर एक पत्र दाखवलं. नाव झाकलेलं होतं, पण तिसऱ्या वाक्यात मला कळलं कुणाचं ते. नंतर कळलं, मैत्रिणीच्या लेकीने ते टॅबलेटवर स्वतः टाइप केलं होतं, एकेक अक्षर, चार दिवस. आईला दाखवलंही पाठवून झाल्यावर. इंग्रजीत होतं. अर्थ साधारण असा:

'मी बारा वर्षांची आहे. मी सात पार्कांमध्ये गेले आहे. मला सातही टॉयलेटांची छतं पाठ आहेत. एकाला च्युइंगम चिकटलेला आहे. एकात दिवा लुकलुकतो. तुमच्या पार्कात मोठा कोळी आहे. मला फिरकी आवडली, पण मी फरशीवरून उठल्यावर माझ्या केसांना वास येतो आणि मग मला खेळावंसं वाटत नाही. पुढच्या वर्षी मी हायस्कूलला जाईन. आईची पाठ दुखते, ती सांगत नाही. कृपया टेबल ठेवा.'

डायरेक्टर खिडकीबाहेर बघत होती. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. आठ महिने मी इन्क्लुझिव्ह हा शब्द रोज लिहीत होते, आणि केसांना वास येतो ही गोष्ट माझ्या गावीही नव्हती.

त्यापाठोपाठ अजून पत्रं आली. ताईंचं आलं. दोन थेरपिस्टांची आली. काही अनोळखी लोकांची, लांबच्या उपनगरांतून. काही जणांना शेडच हवी होती आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. कौन्सिलने खोली मान्य केली. शेड लहान झाली, एक घसरगुंडी गेली, आणि त्या घसरगुंडीबद्दल मला अजूनही लोक बोल लावतात.

बांधायला वर्षापेक्षा जास्त गेलं. पार्क उघडलं त्या दिवशी मैत्रीण, नवरा, लेक तिघंही आले. लेक आता तेरा पार, केस कापलेले, शाळेतली एक मैत्रीण सोबत. ती फिरकीवर गेली आणि त्या मैत्रिणीला ओरडून "फास्टर!" म्हणाली, तेव्हा तिचे बाबा दचकून मागे वळले. "एवढा आवाज आहे हिला?" ते मला म्हणाले. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मैत्रिणीने मला हाक मारून थर्मासमधला चहा दिला. आम्ही बोललो, कामाचं, उन्हाचं. तिने मला माफ केलं का, हे मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. पूर्वी ती माझ्या खांद्यावर हात टाकून बोलायची, ते आता नाही.

दुपारकडे मी खोलीच्या दारापाशी उभी होते. एक म्हातारे ऑस्ट्रेलियन गृहस्थ बायकोची व्हीलचेअर ढकलत आले. बाईंचं अर्धं अंग गेलेलं, ओठ एका बाजूला ओढलेले, पण लिपस्टिक नीट लावलेली. दोन ट्रेन बदलून आलो, ते म्हणाले, मुलीने इंटरनेटवर पाहिलं म्हणून. पार्क लहान मुलांचं, म्हणून सगळ्या वेळात माझ्या डोळ्यांसमोर लहान मुलंच होती. ही दोन माणसं माझ्या कल्पनेत एकदाही आली नव्हती. मी पुन्हा एकदा हबकले.

"स्ट्रोकनंतर आम्ही पहिल्यांदाच बाहेर जेवण घेऊन आलोय," ते म्हणाले. "डिअर, हे टेबल खाली कसं घ्यायचं, सांगता का?"

मी आत गेले. रिमोट भिंतीला लटकलेला होता. आराखड्यात तो मीच तिथे दाखवला होता, जमिनीपासूनच्या उंचीसकट. मी एक बटण दाबलं, काही झालं नाही. दुसरं दाबलं, तर टेबल वर जायला लागलं. बाई एका बाजूने हसल्या.

"थांबा," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन मैत्रिणीला हाक मारली.

ती चहाचा कप ठेवून आली. आधी बाईंना नाव विचारलं, त्यांच्या डोळ्यांत बघून. मग त्या गृहस्थांच्या हातात रिमोट दिला आणि त्यांचं बोट धरून बटणावर ठेवलं. "हे दाबून धरायचं. घाई नाही करायची. आणि आधी यांना सांगायचं, आता खाली घेतोय म्हणून." मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "तूही बघून ठेव."

मी बघितलं. मग बाहेर येऊन दार लावून घेतलं.